पुरातल्या पोरांची मोजणी

अ‍ॅस्टर फुलायला लागले की मला घरात बसवत नाही. आज सकाळी वाफ्याच्या कडेला उभी राहिले. जांभळ्या कळ्यांनी नुकती तोंडं उघडलेली, पानांवर पाणी, आणि खालून नदीचा तो जड आवाज. धरणाचं पाणी सोडलंय म्हणे. सून म्हणाली, "आई, चिखलात कशाला उतरता? पाय घसरेल." तिला काय सांगू! श्रावणातला हा आवाज कानावर आला की माझे पाय आपोआप शाळेच्या रस्त्याला लागतात. छातीत काहीतरी उड्या मारायला लागतं. कोणीतरी हाक मारली आहे आणि आता उशीर करून चालणार नाही, असं वाटतं.

पूर म्हणजे वाईटच. लोकांची घरं गेली, भांडी गेली, एका म्हातारीची शेळी खुंट्यासकट गेली. ते सगळं मी पाहिलं. तरीही त्या सात-आठ दिवसांसारखे दिवस माझ्या वाट्याला पुन्हा आले नाहीत. हे कोणाजवळ बोलायची लाज वाटते, म्हणून इथे लिहिते.

बारा-तेरा वर्षं झाली. आमच्याकडे पाणी मोजायची रीत अशी, की घाटावरच्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते सांगायचं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. त्या दिवशी आमचे हे बाजारातून सायकल हाणत आले आणि दारातूनच म्हणाले, "मारुती दिसतच नाही."

आमचा मळा उंचवट्यावर. उताराखाली, नदीच्या अंगाला, पत्र्यांची वस्ती होती. गवंड्याच्या हाताखालची माणसं, हमाल, रस्त्याच्या कामावरचे. दुपारपर्यंत ती सगळी वस्ती मळ्याशेजारच्या शाळेत चढून आली. एकेका वर्गात आठ-आठ, नऊ-नऊ घरं. मधे साड्या बांधून केलेल्या भिंती. बाकं ओट्यावर रचलेली. आणि फळ्यावर गुरुजींनी आदल्या दिवशी घातलेलं गणित तसंच. चोवीस भागिले सहा. त्याच्याखाली एक बाई लेकराला पाजत बसलेली. शाळेच्या फाटकावर कोणीतरी पाटी लावली होती, 'शाळा बंद आहे', आणि आत पोरांचा एवढा कालवा की शाळा चालू असतानाही कधी नव्हता.

माझी स्वतःची शाळा चौथीपर्यंतच. दिंडोरीकडच्या आमच्या गावात तेवढीच होती. पाचवीला नाला ओलांडून जावं लागे. पावसाळ्यात नाल्याला पाणी यायचं, आणि वडील म्हणाले, पाणी उतरल्यावर बघू. पाणी उतरलं तोवर मी खुरपणीला लागले होते. चौथीत गुरुजींनी माझं अक्षर सगळ्या वर्गाला दाखवलं होतं. त्यानंतर ते कोणी पाहिलं नाही, किराणावाल्याशिवाय.

पुराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मळ्यातल्या बाया भाकरीच्या पाट्या घेऊन शाळेत गेलो. माझ्या सासूबाई पुढे. त्यांना आम्ही सगळ्या आत्याबाई म्हणायचो. तिथे एक जीप उभी होती आणि एक तरुण बाई, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात कागदांचा गठ्ठा. एका संस्थेकडून आल्या होत्या, मेधाताई. त्यांच्याबरोबरची मुलगी तापाने पडली होती. त्यांनी मोठ्याने विचारलं, "इथे कोणाला नीट लिहिता येतं? मुलांची माहिती घ्यायची आहे."

मी पाटीमागे तोंड लपवलं. आत्याबाईंनी मला कोपराने पुढे ढकललं. "हिला येतं. बोलत नाय, पण लिहिती."

सगळ्या हसल्या. मेधाताई नाही हसल्या. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बोलायचं मी बघते. तुम्ही लिहा, वहिनी."

पेनाचं टोपण काढलं. पहिलं नाव लिहिलं, काना दिला, वेलांटी दिली, आणि मनात म्हटलं, अगं, अक्षर अजून तसंच आहे की!

ते कागद मी कधी विसरणार नाही. मला वाटलं होतं, चादरी किती हव्यात, तांदूळ किती, तेच लिहायचं असेल. पण त्यात मुलांबद्दलच विचारलेलं. कितवीत होती. दप्तर आहे की वाहून गेलं. रात्री कोणाजवळ झोपते. संडासला जाताना सोबत कोण असतं. अनोळखी माणूस येऊन कामाला नेतो, शहर दाखवतो असं काही म्हणाला का. असं कोणी विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. संकटात माणूस पोराला 'जेवलं का' एवढंच विचारतो.

ज्याचं कोणी मोठं माणूस बरोबर आहे, त्या मुलाचा कागद पांढरा. जे एकटं सापडलंय, त्याचा गुलाबी. मेधाताई रोज संध्याकाळी सगळ्या शाळांतले आणि मंगल कार्यालयांतले गुलाबी कागद एकत्र लावून बघायच्या. इकडे हरवलेलं तिकडे सापडतं का ते.

पहिल्या दिवशी कामाची नुसती थट्टाच झाली. ताई विचारायच्या, "मुलं शाळेत जातात का?"

"जातात की ताई! हे काय, शाळेतच बसल्यात!" एक बाई म्हणाली, आणि वर्गभर खदखदून हसणं.

पण हसण्याआड भीती होती. कागदावर नाव गेलं की पोरगं सरकार उचलून नेतं, असं त्यांच्यात बोललं जायचं. म्हणून सगळ्यांची सगळी मुलं शाळेत जाणारी, सगळी सुखात. मी लिहीत राहिले. हो, हो, हो.

दुसऱ्या दिवशी हौदावर पाणी भरताना एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी माझ्याजवळ सरकली. मी गप्प असते म्हणून असेल. हळूच म्हणाली, "मावशी, मी दुपारनंतर पाणीच पीत नाय. संडासाला कडी नाय ना." मी ते कागदावर लिहिलं. कुठे लिहायचं ते कळेना, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला, हातोडी-खिळे घेऊन, आणि दोन्ही संडासांना आतून कड्या बसवून गेला. बाहेर कंदील टांगला.

मी आत जाऊन ती कडी तीनदा लावली आणि तीनदा काढली. मी लिहिलं आणि कडी आली! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षराने काहीतरी हललं होतं. घरी येऊन यांना सांगितलं. ते म्हणाले, "कडीच आहे ना गं ती?" मी म्हटलं, "हो, कडीच." पण त्या दिवशी मी भाकऱ्या थापताना गुणगुणत होते म्हणे. आत्याबाईंनी दोनदा वळून बघितलं.

मग मी नुसती 'हो' लिहीत बसले नाही. बघायला लागले. एका पोराने मराठीचं पुस्तक पान-पान सुटं करून दोरीवर वाळत घातलं होतं, धुण्यासारखं. त्यावर वारा आला की ते पळत जाऊन दोन्ही हातांनी कविता धरायचं. लिहिलं. ओट्यावर चार मुली खडूने शाळा-शाळा खेळत होत्या, आणि बाई झालेली मुलगी सगळ्यांना एकच वाक्य बोलायची, "पाणी आलं, पळा." ते पण लिहिलं. ताईंनी ते वाचलं आणि बराच वेळ कागद खाली ठेवला नाही. चौथ्या दिवशी पाट्या आल्या, पेन्सिली आल्या, गुरुजी आले, आणि लिंबाखाली दोन तास शाळा भरली. ताई म्हणाल्या, "वहिनी, खिचडी उद्या दुसरं कोणी देईल. पण शाळा एकदा सुटली की सुटतेच."

मी मान हलवली. मला कोणी सांगायला नको होतं. माझी एका नाल्याने सुटली होती, आणि त्या पाण्याची मोजणी करायला कोणी आलं नव्हतं.

आज माझी नात इंग्रजी शाळेत जाते. पिवळ्या बसमधून. तिची आई रोज ड्रायव्हरला विचारते, गाडीत बाई आहे ना? मला बरं वाटतं. प्रश्न विचारायची सवय लागली की मग ती सुटत नाही. उताराखाली आता भिंत बांधली आहे, वस्ती दुसरीकडे हलवली, मळ्याच्या अर्ध्या अंगावर इमारती आल्यात. उरलेल्या वाफ्यांत मी हट्टाने अ‍ॅस्टर लावते. यांचं म्हणणं, कोथिंबीर लाव, लवकर निघते. मी ऐकत नाही.

आता चंद्राबाईचं सांगते.

चंद्राबाई रस्त्याच्या कामावर खडी वाहायची. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की दोन वर्ग पलीकडे ऐकू जावा. नवरा आणि तीन मुलं. तिसऱ्या दिवशी तिचा कागद भरताना मी चार मुलं पाहिली. तिघांची नावं तिने धडाधड सांगितली. चौथी सहा-सात वर्षांची मुलगी तिच्या पदराला धरून बसलेली, नजर जमिनीवर.

"हिचं नाव?" ताईंनी विचारलं.

"बाळी."

"शाळेतलं नाव?"

"बाळीच म्हणत्यात तिला. पुराचं पाणी पाहिल्यापासून वाचा बसलीया तिची. आमचीच हाय. लिव्हा."

मला काहीतरी खटकलं. तिघं भावंडं एका तोंडवळ्याची, आणि ही निराळीच. विचारावं असं वाटलं. पण चंद्राबाई माझ्याकडे अशी रोखून बघत होती की मी खाली कागदाकडे बघितलं. मी पांढऱ्या कागदावर लिहिलं, बाळी, वय सात, आईबरोबर. सुंदर अक्षरात लिहिलं.

संध्याकाळी ताईंनी गुलाबी कागद मागितला तेव्हा मी तो कोराच दिला, आणि मला केवढा आनंद झाला होता! आमच्या शाळेत एकटं मूल एकही नाही. देवाची कृपा, असं मी म्हणाले पण. मोठ्याने.

गणपती चार दिवसांवर आले. पूर ओसरला, पण अ‍ॅस्टर काही थांबले नव्हते. मळाभर उमललेले, आणि ओवायला हात नाहीत. नेहमीच्या बाया शाळेत अडकलेल्या. यांनी चार पाट्या फुलं तोडून शाळेच्या ओट्यावर आणून ओतली. "ज्यांना ओवता येतं त्यांनी ओवा, मजुरी देतो." बाया धावल्याच. नुसतं बसून बसून त्यांच्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

आणि काय गंमत! ज्या बाया कागद बघून 'हो' म्हणायच्या, त्यांच्या हातात दोरा आल्यावर तोंडं सुटली. कोणाचा मुलगा दोन वर्षांपासून हॉटेलात कपबशा विसळतो, कोणाच्या मुलीचं सातवीतच ठरवलंय, कोणाकडे कोण येऊन मुंबईला घरकामाला पोरगी द्या म्हणून गेला. फुलांकडे बघत बोलायचं, एकमेकींकडे नाही. मी ओवत होते आणि मनात सगळं लिहून ठेवत होते.

चंद्राबाईला ओवता येईना. तिच्या बोटांत फुलं चुरगळायची. बाकीच्या चिडवायला लागल्या, "अगं, खडी नाय ती, फूल हाय!"

"मग गणपतीला खडीचा हार घाला," ती म्हणाली. सगळ्या लोळल्या.

तेवढ्यात तिच्या पदराआडून बाळी पुढे आली. खाली बसली. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, ताण दिला, आणि दोन फुलं पाठीला पाठ लावून गाठ मारली. मग पुढची दोन. चार जोड्या झाल्या की मरव्याची एक काडी. डोळे फुलांवर नव्हतेच. बोटंच बघत होती. ओट्यावरचं हसणं हळूहळू थांबलं. हारवाल्यांच्या घरात जन्मल्याशिवाय अशी गाठ येत नाही. मला लग्नानंतर शिकायला दोन पावसाळे लागले.

हार पुरा झाला. तिने दोरा दाताने तोडला. मग ती उठली, माझ्यासमोर आली, माझा हात धरला आणि सरळ केला, आणि तो हार माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लावून बघितला.

घाटावर हार हाताने मोजून विकतात. हे मूल रोज कोणाच्या तरी हातावर हार मोजत होतं. तो हात तिच्या आईचा असणार. आणि घाटावरच्या फुलवाल्या सगळ्या नदीपलीकडे, पंचवटीकडच्या एका मंगल कार्यालयात होत्या, हे मला माहीत होतं.

माझा हात तिच्या हातात तसाच राहिला. मी केलेली चूक मला माझ्याच अक्षरात समोर दिसत होती. आईबरोबर. पांढरा कागद. म्हणजे तिला कोणी शोधणारच नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा ट्रक येऊन चंद्राबाईचं बिऱ्हाड मालेगावच्या पुढे रस्त्याच्या कामावर जाणार होतं.

मी चंद्राबाईला बाजूला बोलावलं. मी! "ही तुमची नाही ना?"

तिचे डोळे पेटले. "तूच लिव्हलंस ना आमची म्हणून? आता फिरवती व्हय?"

"चुकलं माझं. तेव्हाच विचारायला हवं होतं."

तिने ओट्यावरच्या पोरीकडे एकदा बघितलं. मग भिंतीला टेकून खाली बसली. "पुलाच्या कडंला पत्र्याला धरून उभी व्हती. गळ्यापतुर पाणी. ह्यांनी उचलली. माझ्या ताटात जेवली. आमच्यात ताटात जेवल्यालं पोर परकं म्हणत नाय. आन् खरं सांगितलं असतं तर नेऊन रिमांड होमला घातली असती. तिथं तिला जवळ घेऊन कोण झोपलं असतं? तुझा कागद?"

तिचं खरंच होतं. पण पलीकडे कोणीतरी बाई असेल, तिच्याजवळ रात्री झोपायला पोर नव्हतं, हेही खरं होतं. मी तेवढंच म्हणाले. "तिची आई असली तर?"

चंद्राबाईने पदर तोंडाला लावला. मग हात झटकला. "जा. पळ. ट्रक सकाळी लवकर येतो."

मेधाताई त्या दिवशी पलीकडच्याच कार्यालयात होत्या. आमचे हे बाजारात गेलेले. मी आत्याबाईंना सांगितलं, पुलावरून जाऊन येते. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, एकटी कधी पूल ओलांडला नव्हता. त्या म्हणाल्या, "जा की, विचारती काय?"

हातात तो हार, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पुलाखाली तांबडं पाणी घुसळत होतं, कठड्याला गवत आणि चिंध्या अडकलेल्या. मी चालत नव्हते, पळतच होते. भीती वाटत होती, आणि तरीही मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. समोरून येणारे लोक बघत होते. बघू देत.

कार्यालयाच्या दारात मेधाताई दिसल्या. मी धापा टाकत म्हणाले, "ताई, माझा एक कागद चुकलाय. पांढरा नाही, गुलाबी."

सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "इथे एक फुलवाली आहे, कमल. रोज सगळीकडे निरोप पाठवते, लता नावाची मुलगी आहे का. तुमच्या शाळेतून उत्तर आलं, लता नाही."

'नाही'च येणार. आमच्याकडे होती ती बाळी.

आत शंभर माणसं. ताईंना वाटलं, आपण ओरडून विचारू. पण मीच ओट्यावर चढले. वर्तमानपत्र सोडलं, हार उंच धरला आणि म्हणाले, "कमल कोण? ही गाठ कोणाची आहे बघा!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

खांबाशी बसलेली एक बारीकशी बाई उठली. तिने हार हातात घेतला. फुलं पाहिलीच नाहीत. तो उलटा केला, मागचा दोरा बघितला, एकेका गाठीवरून अंगठा फिरवत टोकापर्यंत गेली. मग मला विचारलं, "जेवती का ती?"

जीपमध्ये ती पुढे सरकून बसली. हार मांडीवर. मी तिच्याजवळ बसले होते. समजा ती नसलीच तर? समजा हारवाल्याची दुसरीच कोणी पोर असली तर? पूल कधी गेला कळलं नाही.

शाळेत ओट्यावर बाळी चंद्राबाईच्या मांडीवर बसली होती. तिने जीप बघितली, जीपमधून उतरणारी बाई बघितली. उठली नाही, रडली नाही. तिच्या भुवया हळूहळू जवळ आल्या, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड उघडलं.

"कुठं गेलती गं तू? किती येळ लावला!"

कमल तिथेच चिखलात बसली.

"ए बया!" चंद्राबाई ओरडली. "मेलीला तोंड हाय की! मला वाटलं मुकी हाय!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पोर तिच्या मांडीवरून उतरली तेव्हा चंद्राबाईचा हात क्षणभर पोरीच्या झग्याला धरून राहिला, मग सुटला.

कमल लेकीला घेऊन निघायला लागली तर चंद्राबाई आडवी उभी राहिली. "जेवल्याबिगर न्यायची नाय. तू बी बस." तिने खिचडीचं एकच ताट आणलं, तिघी त्याच्याभोवती बसल्या. मेधाताईंनी मला नवा कागद दिला. म्हणाल्या, मुलगी बोलते आहे तोवर तिच्याच तोंडून लिहून घ्या, काय झालं, कुठे होती, पुन्हा असं होऊ नये म्हणून.

मी वर लिहिलं, लता. वय सात. आईबरोबर.

"माझं नाव नको खोडू," चंद्राबाई घास भरवता भरवता म्हणाली. "खाली कुठंतरी ऱ्हाऊ दे."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, सहा दिवस चंद्राबाईजवळ झोपली.

आणि लता सांगायला लागली. पाणी कसं आधी पाटीखाली आलं, मग पाटीच चालायला लागली, फुलं सगळी एकदम नदीत गेली आणि नदी किती छान दिसत होती, एक कुत्रं पत्र्यावर बसून चाललं होतं, आईने तिचा हात धरला होता पण हातात पिशवी पण होती, मग पिशवी सुटली का हात सुटला, मग एक काका, मग ही मावशी, हिची भाकरी जाड असते, हिला हार येत नाही, शाळेत फळ्यावर गणित आहे त्याचं उत्तर चार. तोंडात घास, हातवारे, श्वास घ्यायला थांबेना. ओट्यावरच्या सगळ्या बाया ओवायचं सोडून ऐकत होत्या. माझं पेन कागदावर नुसतं पळत होतं, काने-वेलांट्या मागे राहत होत्या, अक्षर पार बिघडलं.

"हळू बोल गं," मी म्हणाले.

ती काही हळू बोलली नाही.